शेजाऱ्याच्या भाषेत गायलेली गाणी

२७ एप्रिल २००५ रोजी जपानच्या बाजारात एक ध्वनिमुद्रिका विक्रीस आली. ‘स्टे विथ मी टुनाइट’ हे तिचे नाव. गाणारे पाचही तरुण कोरियाचे, गाणे मात्र जपानी भाषेतील. स्वदेशात या पाच जणांची लोकप्रियता त्या वेळी शिखरावर होती. जपानमध्ये मात्र ओरिकॉन या विक्रीयादीत त्यांची मुद्रिका ३७ व्या क्रमांकापर्यंत चढली आणि तेथेच थांबली. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर मालाला उठाव नव्हता. आपल्या गावी ज्याच्या पेढीवर दिवसभर वर्दळ असते, अशा व्यापाऱ्याने परमुलखात दुकान थाटावे आणि गल्ल्यावर बसून रस्त्याकडे पाहत राहावे, तशी ही अवस्था.

दुकान मात्र त्यांनी उठवले नाही. अकरा महिन्यांनी पहिला जपानी अल्बम आला, त्यानंतर एकामागून एक गाणी येत राहिली, आणि जानेवारी २००८ मध्ये ‘पर्पल लाइन’ ही त्यांची सोळावी जपानी मुद्रिका ओरिकॉनच्या साप्ताहिक यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचली. सोळावी, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आज ज्या घरांतील नातवंडांच्या मोबाइलवर बीटीएस आणि ट्वाइस यांची गाणी वाजतात, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना या पाच जणांचे नाव बहुधा ठाऊक नसेल. परंतु जपानी भाषेत गाऊन जपानची बाजारपेठ मिळवण्याची जी वाट आज प्रत्येक कोरियन गट बिनदिक्कत चालतो, ती रुंद करण्याचे काम मुख्यतः त्यांचे.

या गटाच्या नावातच शेजारधर्माची एक युक्ती दडलेली आहे. कोरियात त्यांना ‘डोंगबांगशिंगी’ म्हणतात, जपानमध्ये ‘तोहोशिन्की’. ऐकताना ही दोन वेगळी नावे वाटतात, पण लिहिली जातात त्याच चार चिनी अक्षरांनी, आणि अर्थही एकच: पूर्वेकडून उदयास येणारे देव. चिनी लिपी दोन्ही देशांना वारशाने मिळालेली, उच्चार मात्र ज्याचा त्याचा. आपल्याकडे एकच संस्कृत नाव बंगालमध्ये आणि तामिळनाडूत निरनिराळे उच्चारले जाते, त्याच्याशी हे जुळणारे आहे. जपानमध्ये या गटाची ओळख त्यांच्या कोरियन नावाने नव्हे, जपानी उच्चाराच्या नावानेच करून देण्यात आली. ग्राहकाच्या जिभेवर सहज बसेल तेच नाव पाटीवर हवे, हे त्यामागचे गणित.

मुळात स्वतःचा देश सोडून इतका आटापिटा करण्याचे कारण काय, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर दोन्ही देशांच्या ताळेबंदात सापडते. १९९७ च्या अखेरीस दक्षिण कोरियाची परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि त्या देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला. नाणेनिधीने २१ अब्ज डॉलरचे साह्य मंजूर केले. त्या काळात कोरियातील सामान्य कुटुंबांनी आपले दागिने, लग्नाच्या अंगठ्यासुद्धा, देशाचे कर्ज फेडण्यासाठी दिल्या आणि सुमारे सव्वादोनशे टन सोने गोळा झाले, हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना आजही नवलाचे वाटते. २००१ च्या ऑगस्टमध्ये, मुदतीच्या आधीच, ते कर्ज फिटले. परंतु केवळ देशांतर्गत ग्राहकावर विसंबून धंदा चालत नाही, हा धडा तेथील प्रत्येक उद्योगाने गिरवला. संगीताचा उद्योग त्याला अपवाद नव्हता. त्यातच २००० पासून इंटरनेटवर गाणी फुकट वाटली जाऊ लागली आणि कोरियातील सीडीची विक्री कोसळली.

शेजारी जपानमध्ये चित्र उलटे होते. लोकसंख्या कोरियाच्या अडीच पटींहून अधिक, सुमारे पावणेतेरा कोटी, आणि ध्वनिमुद्रित संगीताच्या विक्रीत अमेरिकेखालोखाल जगात दुसरा क्रमांक. शिवाय तेथे एक नियम आहे, जो आपल्या व्यापारी वाचकांना विशेष वाटेल. पुस्तके, वृत्तपत्रे आणि सीडी यांची किंमत प्रकाशक ठरवतो आणि दुकानदाराने त्याच किमतीला माल विकायचा असतो. आपल्याकडील छापील कमाल किमतीखाली दुकानदार हवी तेवढी सूट देऊ शकतो; जपानी सीडीच्या बाबतीत ती मुभा नाही. परिणामी साधारण तीन हजार येनांचा अल्बम टोकियोतील मोठ्या दुकानात आणि होक्काइदोतील लहान गावात एकाच भावाने मिळतो. घासाघीस नाही, भाव पाडण्याची चुरस नाही, आणि निर्मात्याच्या पदरात पडणारा वाटा सुरक्षित. अशी बाजारपेठ समुद्रापलीकडे अवघ्या दोन तासांच्या विमानप्रवासावर असताना तिच्याकडे पाठ फिरवणे कोणत्याही हिशेबी माणसाला शक्य नव्हते.

परंतु हिशेब जितका सोपा, तितकाच इतिहास जड. १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षे कोरियावर जपानची सत्ता होती. त्या राजवटीच्या अखेरच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली आणि १९४० पासून लोकांना जपानी पद्धतीची नावे घ्यायला लावण्यात आली. ज्यांनी बालपणी आपल्याच भाषेत बोलल्याबद्दल शिक्षा भोगली, ती पिढी या शतकाच्या आरंभी हयात होती. स्वातंत्र्यानंतर कोरियाने जपानी गाणी, चित्रपट आणि चित्रकथा यांना आपले दरवाजे बंद केले ते १९९८ पर्यंत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग जपानला गेले, पंतप्रधान ओबुची यांच्यासह त्यांनी संयुक्त घोषणापत्र काढले आणि जपानी संस्कृतीला टप्प्याटप्प्याने प्रवेश देण्याचे धोरण सुरू झाले. जपानी शब्द असलेल्या गाण्यांच्या सीडी कोरियात विकण्यास परवानगी मिळाली ती थेट जानेवारी २००४ मध्ये. दूरचित्रवाणीवरचा संकोच तर त्यानंतरही गेला नाही. २०१४ मध्ये एका गटाच्या गाण्यात एक जपानी शब्द आला, एवढ्या कारणावरून केबीएस या सार्वजनिक वाहिनीने ते गाणे प्रसारणास अयोग्य ठरवले होते. ज्या भाषेतील एक शब्दही स्वदेशातील वाहिनीला खपत नाही, त्या भाषेत अख्खा अल्बम गाऊन उपजीविका करणे, हा या तरुणांचा व्यवसाय होता.

पहिले पाऊल अर्थात त्यांचे नव्हते. ऐंशीच्या दशकात चो योंग-पिल या ज्येष्ठ कोरियन गायकाने जपानी श्रोत्यांची मने जिंकली होती, पण तो श्रोता प्रौढ होता. तरुणांच्या बाजारपेठेकडे पद्धतशीर लक्ष दिले ते ली सू-मान यांच्या एस.एम. एंटरटेनमेंट या कंपनीने. १९९८ मध्ये तिने ‘एस.ई.एस.’ हा तीन मुलींचा गट जपानमध्ये उतरवला. त्यातील एक मुलगी जपानमध्येच वाढलेली असूनही यश बेताचेच आले. त्या अपयशातून कंपनीने पुढचा डाव वेगळ्या रीतीने मांडला. बोआ या मुलीला तिने आरंभापासूनच जपानसाठी घडवले. २००० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, तिचे कोरियात पदार्पण झाले आणि पुढच्याच वर्षी एवेक्स या जपानी कंपनीच्या सहकार्याने जपानमध्ये. मार्च २००२ मध्ये तिचा ‘लिसन टू माय हार्ट’ हा जपानी अल्बम ओरिकॉनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आला. कोणत्याही कोरियन कलावंताला हे स्थान प्रथमच मिळत होते, आणि ती मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. २००२ ते २००७ अशी सलग सहा वर्षे एनएचकेच्या ३१ डिसेंबरच्या ‘कोहाकू उता गास्सेन’ या कार्यक्रमात ती गायली. जपानी कुटुंबे वर्षाची अखेर हा कार्यक्रम पाहत घालवतात. तेथे निमंत्रण मिळणे म्हणजे घरातले माणूस म्हणून मान्यता मिळणे होय.

भागीदारीची जी घडी बोआच्या वेळी बसली, तीच तोहोशिन्कीसाठी वापरली गेली. कलावंत आणि त्याचे शिक्षण कोरियन कंपनीचे. मुद्रण, वितरण, जाहिरात आणि स्थानिक ओळखीपाळखी एवेक्सच्या. परक्या बाजारात स्वतःची शाखा उघडून हात पोळून घेण्यापेक्षा तेथल्या भरवशाच्या अडत्यामार्फत माल घालावा, ही रीत आपल्या पेढ्यांना पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे. कमाईत वाटेकरी येतो, पण तोट्याचा भारही एकट्यावर पडत नाही.

सुरुवातीला या पाच जणांना लहान सभागृहांत आणि दुकानांतील छोट्या कार्यक्रमांत गावे लागले. मुलाखतीत प्रश्न कळत नसे आणि उत्तर सुचले तरी शब्द सापडत नसत. भाषा शिकण्यावाचून गत्यंतर नव्हते. येथे एक गमतीची गोष्ट नमूद करावीशी वाटते. कोरियन आणि जपानी या दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नामाला प्रत्यय मागून लागतात, अगदी मराठीप्रमाणे. त्यामुळे कोरियन माणसाला जपानी वाक्य बांधणे इंग्रजीच्या मानाने पुष्कळ सुलभ जाते. अडचण येते ती उच्चारांत. ‘जहाज’ या शब्दातला ज आणि ‘जीवन’ या शब्दातला ज मराठी माणूस न शिकता वेगळे उच्चारतो. कोरियनमध्ये ‘जहाज’मधला ज नाही, जपानीत मात्र तो पावलोपावली भेटतो. तसेच ‘चुलत’ या शब्दाच्या आरंभीचा दंत्य च. जपानी भाषेचे त्यावाचून पान हलत नाही आणि कोरियन जिभेला तो सहजी साधत नाही. बोलताना असा दोष झाकून नेता येतो. गाण्यात स्वर लांबवला की तो उघडा पडतो.

गीत लिहिणाऱ्यापुढे दुसराच पेच असतो. दोन्ही भाषांनी चिनी भाषेतून हजारो शब्द उचलले आहेत, त्यामुळे अर्थ एक आणि ध्वनी जवळचे, असे शब्द भरपूर. वचनाला कोरियनमध्ये ‘याक्सोक’ म्हणतात, जपानीत ‘याकुसोकु’. पण कोरियन शब्द दोन ठोक्यांत संपतो आणि जपानी शब्दाला चार लागतात, कारण जपानीत जवळजवळ प्रत्येक व्यंजनामागे स्वर यावाच लागतो. चाल तीच ठेवून कोरियन गीताचे जपानी रूप करायचे म्हटले, तर एका ओळीत मावणारा आशय निम्म्यावर येतो. मग गीतकार भाषांतर सोडून देतो आणि त्याच चालीवर, त्याच भावाचे, नवेच गीत लिहितो. शिवाय जपानीत ‘मी’ म्हणायला अनेक शब्द आहेत. तरुण पुरुषाने ‘बोकु’ म्हटले तर तो सौम्य वाटतो, ‘ओरे’ म्हटले तर रांगडा. एका सर्वनामाने गाण्याचा स्वभाव बदलतो. आपल्याकडील तू, तुम्ही आणि आपण यांतला फरक ज्यांना कळतो, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तोहोशिन्कीच्या बाबतीत कंपन्यांनी केवळ जुन्या कोरियन गाण्यांची जपानी रूपे काढण्यावर भिस्त ठेवली नाही. जपानी संगीतकारांकडून जपानी श्रोत्यांसाठी स्वतंत्र गाणी करून घेतली. विशेषतः संथ, पाच आवाजांच्या मिलाफावर उभी असलेली गाणी. ‘वन पीस’ या अफाट लोकप्रिय चित्रमालिकेला त्यांचे गाणे जोडले गेल्यावर घरोघरच्या मुलांच्या कानांवर ते आवाज पडू लागले. २००७ मध्ये टोकियोच्या बुदोकान सभागृहात कार्यक्रम झाला. २००८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर लागोपाठ पाच आठवडे, दर आठवड्याला एक, अशा पाच मुद्रिका बाजारात आल्या. त्याच वर्षाअखेर कोहाकूचे निमंत्रण आले.

एकाच मुद्रिकेच्या अनेक आवृत्त्या काढण्याची जपानी पद्धतही येथे सांगितली पाहिजे. एका आवृत्तीत गाण्याबरोबर चित्रफीत, दुसरीत जादा गाणे, तिसरीत छायाचित्रांची पुस्तिका. पहिल्या खेपेच्या मर्यादित प्रतींत एखादे कार्ड किंवा कार्यक्रमाच्या सोडतीचा क्रमांक. निष्ठावंत चाहता एकाऐवजी तीन प्रती घेतो. धंद्याच्या दृष्टीने ही क्लृप्ती चतुर खरी, पण शाळकरी मुलांच्या खिशावर पडणाऱ्या या ओझ्याचे कौतुक करणे कठीण आहे. एक गाणे ऐकायला तीन तबकड्या लागत नाहीत. विक्रीचे मोठमोठे आकडे वाचताना ही बाब विसरू नये. जपानच्या ध्वनिमुद्रण संघटनेकडून एक लाख प्रतींना सुवर्ण, अडीच लाखांना प्लॅटिनम आणि दहा लाखांना मिलियन असे प्रमाणपत्र मिळते. त्या दहा लाख प्रतींमागे माणसे किती, हे प्रमाणपत्र सांगत नाही.

४ आणि ५ जुलै २००९ रोजी तोहोशिन्की टोकियो डोमच्या व्यासपीठावर उभे राहिले. सुमारे पन्नास हजार प्रेक्षकांच्या या वास्तूत स्वतःचा कार्यक्रम करणारा हा पहिला कोरियन गट. चार वर्षांपूर्वी ३७ व्या क्रमांकावर थांबलेल्या नावासाठी ही परमोच्च घटका होती. आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला पाचांपैकी तिघांनी सोलच्या न्यायालयात आपल्याच कंपनीविरुद्ध अर्ज दाखल केला.

तक्रार कराराविषयी होती. तेरा वर्षांची बांधिलकी, ती सोडायची तर जबर भरपाई, आणि उत्पन्नाच्या वाटपाविषयी असमाधान, असे तिघांचे म्हणणे होते. कंपनीला ते मान्य नव्हते. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने तिघांची मागणी अंशतः मान्य करून त्यांना स्वतंत्रपणे काम करण्याची वाट मोकळी केली. योगायोग असा की, कोरियाच्या व्यापार-न्याय आयोगाने त्याच उन्हाळ्यात कलावंतांसाठी नमुना करार जाहीर केला होता, ज्यात मुदतीची मर्यादा सात वर्षे होती. कंपनीची बाजूही अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. मुलांना वर्षानुवर्षे शिकवायचे, त्यांचा राहण्याजेवण्याचा खर्च उचलायचा, आणि दहांतून एखादाच यशस्वी व्हायचा. ती गुंतवणूक वसूल व्हायची कशी, असा तिचा प्रश्न असतो. परंतु कर्जाचा कागद करताना ऋणको सज्ञान आहे की नाही, हे कोणतीही बँक आधी पाहते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने केलेला दीर्घ करार, मग त्यावर आईवडिलांची सही असली तरी, सामान्य व्यापारी कराराच्या मापाने तोलता येत नाही. ‘घरात कलागुणी मूल आहे’ म्हणून हुरळून जाणाऱ्या पालकांनी, देश कोणताही असो, या प्रकरणाचे कागद वाचावेत.

एप्रिल २०१० मध्ये जपानमधील गटाचे काम थांबवल्याचे जाहीर झाले. तिघे जेवायजे या नावाने वेगळे गाऊ लागले. उरलेल्या युन्हो आणि चांगमिन या दोघांनी जुने नाव कायम ठेवले आणि जानेवारी २०११ मध्ये नवी जपानी मुद्रिका काढली. ती पहिल्या क्रमांकावर गेली. पाच आवाजांसाठी रचलेली जुनी गाणी दोघांनी रंगमंचावर गायची, हे सोपे नव्हते. ज्या ओळी इतर तिघांच्या होत्या, त्या आता वाटून घ्याव्या लागल्या. काही श्रोते दुरावले, ते परत आले नाहीत. बरेचसे राहिले.

त्यानंतर राजकारण आडवे आले. ऑगस्ट २०१२ मध्ये कोरियाचे राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक हे वादग्रस्त बेटांवर गेले. कोरियन लोक त्या बेटांना दोकदो म्हणतात, जपानी लोक ताकेशिमा. आदल्या वर्षी कोहाकूच्या मंचावर तीन कोरियन गट होते. २०१२ मध्ये एकही नव्हता, आणि २०१६ पर्यंत तो मंच रिकामाच राहिला. दूरचित्रवाणीची दारे अशी मिटली असताना तोहोशिन्कीचे तिकीट मात्र खपत होते. २०१३ मध्ये त्यांनी जपानच्या पाच महानगरांतील डोमचा दौरा केला आणि ऑगस्टमध्ये योकोहामाच्या निस्सान स्टेडियममध्ये दोन दिवस गायले. वाहिनीचा संपादक आणि तिकीट काढणारा ग्राहक हे दोघे वेगवेगळ्या गोष्टींना भितात, असे यावरून दिसते.

पुढच्या पिढीने या वाटेवर गर्दी केली. बीटीएसने जून २०१४ मध्ये ‘नो मोर ड्रीम’ या आपल्या कोरियन गाण्याचे जपानी रूप काढून आरंभ केला आणि त्याच डिसेंबरात ‘वेक अप’ हा जपानी अल्बम आणला. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मात्र या गटालाही इतिहासाने गाठले. एका सदस्याने पूर्वी घातलेल्या सदऱ्यावर अणुबाँबच्या स्फोटाचे चित्र होते, त्यावरून वादळ उठले आणि एका जपानी वाहिनीने त्यांचा कार्यक्रम आदल्या दिवशी रद्द केला. सक्तीच्या मजुरीबाबत कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नुकताच लागलेला, दोन्हीकडे हवा तापलेली. पाचच दिवसांनी टोकियो डोममधील त्यांचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला, आणि गटाच्या कंपनीने हिरोशिमा-नागासाकीच्या पीडितांची क्षमा मागितली. पुढच्या जुलैत आलेल्या ‘लाइट्स’ या जपानी मुद्रिकेने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. ट्वाइस या मुलींच्या गटाने निराळीच सोय केली होती. नऊपैकी तीन सदस्या मुळातच जपानी. जून २०१७ मध्ये जपानमध्ये उतरलेल्या या गटाने त्याच वर्षी कोहाकूचे दार पुन्हा उघडले.

आता मोबाइलवर क्षणात जगभरची गाणी ऐकता येतात आणि जपानी तरुण कोरियन शब्दही तितक्याच आवडीने गुणगुणतो. तरीही कोरियन कंपन्यांनी जपानी भाषेतील मुद्रिका काढणे थांबवलेले नाही.

तोहोशिन्कीचे दोघे २०१५ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी गेले आणि २०१७ मध्ये परतले. जून २०१८ मध्ये निस्सान स्टेडियममध्ये सलग तीन दिवस त्यांचे कार्यक्रम झाले. तसे करणारे ते पहिले कलावंत ठरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये, जपानमधील वाटचालीच्या विसाव्या वर्षी, त्यांचा ‘झोन’ हा जपानी अल्बम प्रसिद्ध झाला, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये, पहिली मुद्रिका ३७ व्या क्रमांकावर थांबली होती त्याच महिन्यात, ते दोघे पुन्हा त्याच स्टेडियममध्ये गायले.